गाडीची नाडी: चावी फिरवली अन् काहीच नाही

मे महिना लागला की आमच्याकडे पत्रं दोनच विषयांवर येतात, एक बॅटरी अन् दुसरी पण बॅटरी. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की माणूस निदान सावली धरून पन्हं तरी पितो, गाडीची बॅटरी बिचारी सीटखाली तशीच शिजत राहते. यावेळी जी पत्रं घेतली ती सगळी रस्त्यात गाडी बंद पडल्याची आहेत, म्हणून उत्तरं पण रस्त्यावरचीच देतो, वर्कशॉपमधली नाही.

प्रश्न: दादा नमस्कार. मी मनीषनगरला राहतो, बुटीबोरी एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करतो. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास परत येत होतो, जामठा स्टेडियमच्या थोडं अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली अन् खटकन सगळं बंद. हेडलाईट, हॉर्न, मीटर, इंजिन, काहीच नाही. चावी चार वेळा फिरवली तरी मीटर मेलेलाच. एक ट्रकवाला थांबला, म्हणाला माझ्या बॅटरीवरून वायर लावून देतो, पण मला काय सुचलं माहीत नाही, मी नाही म्हटलं. मग दोन पोट्टे थांबले, एकानं त्याच्या गाडीवरून माझ्या फुटरेस्टला पाय लावून खापरीपर्यंत ढकलत आणलं, पैसे देत होतो तर घेतले पण नाही. तिथे एक मेकॅनिक भेटला, त्यानं सीट काढली, वायरिंगची टेप टराटरा फाडली, तीन वायर कापून डायरेक्ट जोडल्या अन् गाडी चालू करून दिली. साडेआठशे घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटीवर जाताना परत बंद, अन् यावेळी सीटखालून जळाल्यासारखा वास पण आला. आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणून राहिले की वायरिंग कापलं म्हणजे वॉरंटी गेली. गाडी दीड वर्षाची आहे, १२५ सीसी, एफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शनवाली). मी काय करायला पाहिजे होतं? अन् ट्रकवाल्याला नाही म्हटलं ते चुकलं का?

उत्तर: भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ट्रकवाल्याला नाही म्हटलं ते तुमच्या हातून त्या रात्री झालेलं सगळ्यात चांगलं काम. त्याच्या मनात काही वाईट नसणार, हायवेवर ट्रकवालेच सगळ्यात जास्त थांबतात हा माझा अनुभव आहे, पण मोठ्या ट्रकची सिस्टीम २४ व्होल्टची असते, १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. आपली बाईक १२ ची. २४ चा करंट एफआय गाडीत घुसला की मीटर, ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर), बल्ब सगळ्यांची एकदम तेरवी, अन् ईसीयूचं बिल बघून माणसाला गाडी विकून टाकावी वाटते. कार असती, ऑटो असता, छोटा हत्ती असता तर गोष्ट वेगळी, ते १२ चे असतात.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात उत्तर तुम्हीच लिहून ठेवलं आहे, "खड्ड्यात आदळली" अन् "खटकन सगळं". हे दोन शब्द त्या मेकॅनिकनं ऐकून घेतले असते तर त्याला कटर काढायचीच गरज पडली नसती. बॅटरी संपून गाडी बंद पडते तेव्हा ती अशी मरत नाही. ती आधी रडते, हॉर्न घोगरा होतो, इंडिकेटर सुस्तावतात, सेल्फ टकटक करतो. एका झटक्यात हेडलाईटपासून मीटरपर्यंत सगळंच गेलं याचा अर्थ सगळ्यांचा करंट ज्या एका जागेतून जातो ती जागा तुटली, अन् अशा जागा गाडीत चारच आहेत: बॅटरीचे दोन टर्मिनल, मेन फ्यूज, बॅटरीच्या मायनसची वायर जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, किंवा इंजिनला कसलेली असते ती अर्थिंग, अन् चावीच्या स्विचमागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड. बस. मोबाईलच्या टॉर्चवर दहा मिनिटांचं काम आहे, अन् टूलकिटमधला पाना नाहीतर स्टार स्क्रूड्रायव्हर एवढंच सामान लागतं.

टर्मिनल नुसतं बघून कळत नाही हे लक्षात ठेवा. मी स्वतः एकदा फसलो आहे. इंदोऱ्याला गॅरेज होतं तेव्हा एक गिऱ्हाईक अशीच मेलेली गाडी टेम्पोत टाकून घेऊन आला, मी वाकून बघितलं, मायनसची वायर जागेवर, बोल्ट जागेवर, सगळं एकदम कसलेलं दिसत होतं. अर्धा तास मी स्विच खोलून बसलो. शेवटी चिडून बॅटरीच बाहेर काढावी म्हणून वायरला हात लावला तर वायर बोटावर फिरली. टर्मिनलच्या खाचेत जो चौकोनी नट असतो ना, तो खाली सरकून गेला होता अन् बोल्ट नुसता भोकात उभा होता, कशातच आटलेला नव्हता. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापला, घडी करून नटाखाली ठेवला म्हणजे नट वर राहील, बोल्ट आटला, चावी फिरवली, मीटर लागला. गिऱ्हाईकानं किती झाले विचारलं तर मला सांगायची लाज वाटली. तेव्हापासून सांगतो, टर्मिनल दोन बोटांत धरून पिळून बघायचं. हललं तर तेच. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर ती पण करंट अडवते, रस्त्यात स्क्रूड्रायव्हरनं खरवडा, घरी आल्यावर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा अन् वरून थोडं व्हॅसलिन लावा. कसताना एक काळजी, पाना प्लसवर असताना त्याचं दुसरं टोक चेसिसच्या लोखंडाला टेकू देऊ नका, टेकलं तर वेल्डिंग दिसेल. बॅटरी काढायची असेल तर म्हणूनच मायनस आधी काढायचा अन् बसवताना शेवटी लावायचा.

टर्मिनल घट्ट निघाले तर फ्यूज. बहुतेक गाड्यांत सीटखाली किंवा साईड कव्हरच्या आत, बॅटरीजवळ किंवा स्टार्टर रिलेच्या अंगालाच एक छोटी डबी असते अन् कंपनीवाले बऱ्याचदा एक फालतू, म्हणजे जादाचा फ्यूज तिथेच खोचून देतात, लोकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं. फ्यूज उपटून टॉर्चसमोर धरा, आतली तार अखंड आहे की मधे तुटली ते आरपार दिसतं. रंगावरून अँपिअर कळतं, लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जो निघाला तोच रंग परत बसवायचा. नवीन फ्यूज बसवल्याबरोबर परत उडाला तर थांबा, कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागली आहे, म्हणजे शॉर्ट. तिथे मोठा फ्यूज लावून बघू हा विचार करायचाच नाही. अन् सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी खोचायची कला आपल्याकडे प्रत्येक पानठेल्यावर कोणाला ना कोणाला येतेच. करू नका बावा. फ्यूज मरतो म्हणून वायरिंग वाचतं, चांदी मरत नाही, मग वायरिंग मरतं, कधी कधी पेट्रोलच्या टाकीखालीच.

तुमच्या मेकॅनिकनं हेच मोठ्या पातळीवर केलं असं मला वाटतं. गाडी न बघता शंभर टक्के सांगता येत नाही, पण तीन वायर "डायरेक्ट" म्हणजे फ्यूज किंवा स्विच बायपास केला असणार, अन् दुसऱ्या दिवशी जो वास आला तो त्याचाच. म्हणून आज हे वाचून झाल्यावर पहिलं काम करा, सीट काढा अन् बॅटरीचा मायनस सोडून ठेवा. ती गाडी घरासमोर उभी असताना सुद्धा पेटू शकते. मग ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा, मेकॅनिकला नाही, इलेक्ट्रिशियनला, ही दोन वेगळी माणसं आहेत अन् आपण कायम एकाच्या हातात दुसऱ्याचं काम देतो. त्याला सांगा कापलेल्या तीन वायर जिथल्या तिथे सोल्डर करून, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवून, फ्यूज परत मधे घेऊन दे.

वॉरंटीचं म्हणाल तर कापलेल्या वायरिंगची वॉरंटी कोणी देणार नाही, तिथे भांडून वेळ घालवू नका. पण म्हणून अख्ख्या गाडीची, इंजिनची वॉरंटी गेली असं कोणी तोंडी म्हणत असेल तर त्याला म्हणा जॉबकार्डवर लिहून द्या, कोणत्या पार्टची वॉरंटी कोणत्या कारणानं नाकारली. लिहायची वेळ आली की बरेच लोक नरम पडतात.

अन् त्या पोट्ट्यांबद्दल. मन मोठं त्यांचं, पैसे घेतले नाही, आपल्या नागपूरची हीच तर मजा आहे. पण रात्री साडेअकराला, टेललाईट बंद असलेली गाडी, हायवेवर, पाय लावून ढकलत खापरीपर्यंत, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही मागून येणाऱ्या ट्रकला दिसतच नव्हता. तो रस्ता नॅशनल हायवे ४४ आहे, तिथे १०३३ हा हायवेचा हेल्पलाईन नंबर चोवीस तास चालतो, गाडी बंद पडल्याचं सांगितलं तरी ऐकतात. भीती वाटण्यासारखी जागा किंवा माणसं असतील तर सरळ ११२. फोन करायच्या आधी गाडी डांबर सोडून मातीत घ्या अन् स्वतः गाडीजवळ उभे राहू नका, रेलिंग असेल तर रेलिंगच्या पलीकडे जा, कारण धडक बसते ती उभ्या गाडीला अन् सोबत तिच्यावर वाकलेल्या माणसाला. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर असाल तर त्याच्या ३ किलोमीटरच्या लांबीत कडेला घ्यायला माती नाहीच, तिथे न्यूट्रल करून जेवढा उतार मिळेल तेवढं घरंगळत पुढे काढा, पण मधे थांबून सीट खोलत बसू नका.

प्रश्न: सर, मी दिघोरीला राहते, उमरेड रोडवरच्या शाळेत शिकवते. बाबांची २०१४ ची १०० सीसी बाईक चालवते, कार्बोरेटरवाली. चार महिन्यांत दोन नवीन बॅटऱ्या झाल्या. बॅटरी टाकली की पंधरा-वीस दिवस मस्त, मग सेल्फ टकटक करतो, इंडिकेटर लागतात पण लुकलुकत नाहीत, हॉर्न तर असा वाजतो की समोरची बकरी पण वळून बघत नाही. किक मारली की मात्र लगेच सुरू. दुकानदार म्हणतो यावेळी महागातली घ्या. घेऊ का?

उत्तर: ताई, तिसरी बॅटरी घेऊ नका, महागातली तर अजिबात नाही. घरातली टाकी भरत नाही म्हणून मोठी टाकी आणल्यासारखं होईल ते, नळालाच पाणी नाही तर टाकी काय करणार.

तुमच्या गाडीची गंमत अशी की त्या काळातल्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत स्पार्कचा करंट सरळ मॅग्नेट कॉइलमधून, म्हणजे इंजिन फिरलं की करंट बनवणाऱ्या गुंडाळीतून येतो, बॅटरीशी त्याचा संबंध नाही, म्हणून बॅटरी झोपली तरी किकवर गाडी उठते. हेडलाईट पण बहुतेक मॅग्नेटवरच असेल, रेस दिली की उजेड वाढतो अन् सिग्नलला मंद होतो, बघा तसं होतं का. बॅटरीवर काय काय राहिलं, तर सेल्फ, हॉर्न अन् इंडिकेटर. नेमकं हेच तिन्ही तुमचं बिघडलं आहे. म्हणजे बॅटरी भरली जात नाही, किंवा नको तेवढी भरली जाते.

हे कळायला तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो, शाळेच्या फिजिक्स लॅबमधला सुद्धा चालेल. डीसी २० वर ठेवा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी १२.५ ते १२.८ यायला पाहिजे, १२ च्या खाली म्हणजे बॅटरी उपाशी. मग गाडी सुरू करून चांगली रेस धरा, आकडा १३.५ ते १४.५ च्या मधे चढायला पाहिजे. चढलाच नाही, तिथेच बसून राहिला किंवा उलटा खाली यायला लागला तर चार्जिंग येत नाही. १५ च्या वर पळाला तर रेग्युलेटर करंट अडवत नाही अन् बॅटरी उकळून मरून राहिली आहे. दोन्हीकडे पहिला संशय आरआर युनिटवर (रेक्टिफायर-रेग्युलेटर, मॅग्नेटचा करंट बॅटरीजोगा करणारा), म्हणजे तो ॲल्युमिनियमचा पंख्यासारख्या पात्या असलेला डब्बा. पण लगेच नवीन घेऊ नका, आधी त्याचा कपलर उघडून बघायला सांगा. दहापैकी कितीतरी वेळा आतली एखादी पिन तपकिरी होऊन प्लास्टिक वितळलेलं असतं, आरआर बिचारा धडधाकट असतो. कपलर शंभर-दीडशेत बदलतो.

तोवर रस्त्यात काय, तर काहीच घाबरू नका, किक आहे ना. फक्त हॉर्न-इंडिकेटर नाही हे गृहीत धरून हातानं इशारा द्या, हे आजकालच्या पोरांना विचित्र वाटतं पण उमरेड रोडच्या ट्रकवाल्यांना अजून कळतं.

बॅटरी पाण्याची असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी लेव्हल बघा, अप्पर-लोअरच्या दोन रेघांच्या मधे पाहिजे, अन् फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्या नळाला येणाऱ्या पेंचच्या पाण्याचा मला अभिमान आहे पण ते बॅटरीत नाही. सीलबंद बॅटरी असेल तर तिचं झाकण उचकटून पाणी घालायला जाऊ नका, ती त्यासाठी बनलीच नाही.

प्रश्न: भाऊ, वाडीहून लिहून राहिलो. आम्ही चार मित्र दर महिन्याला पेंचकडे राईड मारतो. मी ऑनलाईन मागवून दोन फॉग लाईट लावले, पॅकेटवर ४०-४० वॅट लिहिलं होतं. जाताना मस्त, येताना मनसरजवळ अंधारात दोन्ही फॉग अन् हेडलाईट सोबतच गेले. मित्राच्या मागे मागे त्याच्या उजेडात आलो. गाडी १५० सीसी.

उत्तर: पॅकेटवरचे वॅट अन् खरे वॅट याचा काही संबंध असतोच असं नाही, पण खरं धरून हिशोब करू. दोन ४० म्हणजे ८० वॅट, भागिले १२, साडेसहा अँपिअरच्या वर. हेडलाईटचा बल्ब ३५ चा असेल तर तो आणखी तीन. अन् हे सगळं तुम्ही कुठून घेतलं? मी पैजेवर सांगतो, हेडलाईटच्या वायरला चावी मारून, म्हणजे सोलून पिळून. जी वायर अन् जो स्विच तीन अँपिअरसाठी बनला त्यातून दहा नेले, फ्यूज उडाला असेल तर नशीब समजा, स्विचची पत्ती जळाली असेल तर ते काम थोडं खर्चाचं.

नीट करायचं असेल तर बॅटरीच्या प्लसवरून वेगळी वायर, बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज, मग चार पायाचा रिले, मग फॉग. बटण फक्त रिलेला चालवतं, बटणातून फॉगचा करंट जातच नाही. रिलेचा ट्रिगर चावीनंतरच्या वायरीवरून घ्या म्हणजे चावी काढली की फॉग आपोआप बंद, नाहीतर ढाब्यावर जेवायला बसाल अन् बाहेर येईतो बॅटरी आडवी. अन् अजून एक, तुमच्या गाडीचा मॅग्नेट मुळात किती करंट बनवतो ते तर ठरलेलं आहे, त्यात गाडीचं स्वतःचं काम धरून ८० वॅट जास्तीचे निघतीलच असं नाही. फॉग लावून मल्टिमीटर धरा, रेसवर १३ च्या खाली गेला तर एक फॉग काढून टाका. जंगलाच्या रस्त्यावर एकच पण खाली झुकवलेला फॉग पुरतो, तसेही समोरच्याच्या डोळ्यात मारायला लावत असाल तर मी उत्तरच देत नाही.

प्रश्न: एफआय गाडी धक्का मारून सुरू होते की नाही? एक म्हणतो होते, एक म्हणतो इंजिन खराब होतं. (हिंगणा)

उत्तर: दोघंही अर्धे. चावी फिरवल्यावर मीटर लागला अन् टाकीजवळून पंपाचा "सुंईऽऽ" असा दोन-तीन सेकंद आवाज आला तर बॅटरीत जीव आहे, फक्त सेल्फ फिरवण्याएवढा नाही. सेकंड गिअर टाका, क्लच दाबा, पळवा, बसता बसता क्लच सोडा, उठेल. मीटर अंधार अन् पंप गप, तर हिंगण्यापासून सीताबर्डीपर्यंत ढकललं तरी उठणार नाही, घाम तेवढा निघेल. अन् लाईट चकचकीत आहे पण सेल्फ दाबल्यावर टक सुद्धा होत नाही, तर धक्क्याच्या आधी साईड स्टँड वर आहे का अन् तो इंजिन बंद करायचा लाल किल स्विच कोणी दाबून ठेवला का ते बघा. पार्किंगमधली पोरं तो दाबून जातात. माझ्याकडे गाडी लादून आणलेले लोक मी या एका बटणावर परत पाठवले आहेत, अन् ते चिडायचे माझ्यावरच.

प्रश्न: मी रोज कामठी रोडनं जातो-येतो, कोणी गाडी घेऊन उभं दिसलं की थांबतो, ते जमत नाही मला न थांबणं. पण थांबून करणार काय, मला प्लग सोडून काही कळत नाही. जवळ काय ठेवू, अन् कारवरून बाईकला जम्प देता येतो का?

उत्तर: तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून हे सदर चालतं. डिकी नसेल तर सीटखाली मावेल एवढंच सांगतो. लाल, निळा, पिवळा फ्यूज दोन-दोन. आठ-दहाचा पाना. काळी इन्सुलेशन टेप. अन् एक टेस्ट लॅम्प घरी बनवा, जुन्या इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन हात-हातभर वायर जोडा, टोकांना चिमटे. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा जिथे संशय तिथे. बल्ब लागला तर करंट तिथपर्यंत आला, नाही लागला तर मागे कुठेतरी अडला. प्लसपासून सुरू करून फ्यूजच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, मग स्विचकडे, असं सरकत जायचं, जिथे बल्ब लागायचा थांबतो तिथेच बिघाड. फक्त ईसीयूच्या कपलरमधे हा बल्ब खुपसायचा नाही, त्या बारीक सिग्नल वायरींना एवढा करंट सोसत नाही.

अन् वायरला हात लावायच्या आधी त्या माणसाला विचारा, बाबा आधी काय बंद झालं, मग काय, आता काय काय चालू आहे. पाणी प्यायला द्या अन् विचारा. उन्हात उभा राहून राहून तो इतका भंजाळलेला असतो की पहिल्यांदा "काहीच चालत नाही" एवढंच म्हणतो, दुसऱ्यांदा विचारलं की सांगतो हॉर्न वाजतो म्हणून. हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी अन् मेन फ्यूज ठीक, अर्धी गाडी बघायचं काम वाचलं.

कारवरून जम्प, म्हणजे कारच्या बॅटरीला केबल जोडून बाईक सुरू करणं, देता येतो, पण कारचं इंजिन बंद ठेवून. बाईकची बॅटरी एवढीशी, ४ ते ९ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती करंट मावतो त्याचं माप), कारची तिच्यापुढे हत्ती, त्यात कारचा अल्टरनेटर कशाला सुरू ठेवायचा. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग कारच्या प्लसला. काळी कारच्या मायनसला, अन् तिचं शेवटचं टोक बाईकच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण तिथे ठिणगी उडते अन् उन्हात तापलेल्या बॅटरीतून गॅस निघत असतो. बाईक सुरू झाली की उलट्या क्रमानं काढा. अन् सुरू झालेल्या बाईकची स्वतःची बॅटरी "आता चार्ज होते का बघू" म्हणून चालू इंजिनवर सोडून बघणारे महाभाग आहेत, कामठी रोडवर जास्तच आहेत, त्यांचा हात धरा. इंजिन चालू असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळी मारतं अन् मीटर-ईसीयू जातात.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की अवकाळी पावसात गाडी भिजून ठसकायला लागली तर प्लगची कॅप काढून पुसा. मी गाडी बंद पडेल म्हणून चालू ठेवूनच कॅप काढली. हात कोपरापर्यंत झिणझिणला, फेकल्यासारखा मागे बसलो चिखलात. बायको अजून हसते. हे लिहायला नको होतं का आधी? (गांधीबाग)

उत्तर: लिहायला पाहिजे होतं, चूक माझी. "इंजिन बंद करून" हे तीन शब्द माझ्या डोक्यात होते, कागदावर उतरले नाही. प्लगच्या वायरीत दहा हजार व्होल्टच्या वरचा झटका असतो, करंट फार कमी म्हणून बहुतेक वेळा माणूस चिखलात बसण्यावर निभावतो, पण हृदयाचा त्रास असलेल्यानं किंवा पेसमेकर बसवलेल्यानं चालू इंजिनच्या त्या वायरीच्या जवळपास सुद्धा हात नेऊ नये. चावी काढा, कॅप ओढा, आतून-बाहेरून सुक्या फडक्यानं पुसा, रबराला चीर गेली असेल तर कॅप बदलून टाका, साठ-सत्तर रुपयांना मिळते. वहिनींना माझ्याकडून सॉरी सांगा, अन् त्या हसून राहिल्या म्हणजे हात ठीक आहे असं धरून चालतो.